भाड्याच्या खोलीचा रंग

किल्ल्यांचा, वाड्यांचा आणि देवळांचा इतिहास लिहिणारे विद्वान आपल्याकडे पुष्कळ झाले. अजिंठ्याच्या भिंतींवर तर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. परंतु मुंबईतल्या ज्या दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत मराठी माणसाच्या तीन-तीन पिढ्या वाढल्या, तिच्या भिंतींना कोणता रंग होता, तो कोणी दिला आणि कोणाच्या पैशाने दिला, याकडे फारसे कोणी वळलेले दिसत नाही. स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहा, असा आमच्या चिटणीसबाईंचा आग्रह पडला, तेव्हा मी ठरवले की आपण या भिंतींविषयीच लिहावे. भगिनींनो, रंग म्हणजे निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न असे आपण समजतो. भाड्याच्या घरात तो आधी हक्काचा प्रश्न असतो आणि मागाहून आवडीचा. गेल्या सव्वाशे वर्षांची हकिकत पाहिली म्हणजे माझे म्हणणे पटेल.

गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत नोकरीला म्हणून कोकणातून आणि घाटावरून जी कुटुंबे मुंबईस आली, त्यांना घराची भिंत ही बाईच्या हातची वस्तू म्हणून ठाऊक होती. सण आला की माती कालवावी, भिंत लिंपावी, वर पांढऱ्या मातीचा हात फिरवावा, गेरूचा पट्टा ओढावा, हे काम घरची बाईच करी आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नसे. चाळीत आल्यावर जमीन सारवण्यापुरते तिचे राज्य उरले. भिंत घरमालकाची झाली. मालकाला सुचे तेव्हा, म्हणजे बहुधा खोली रिकामी होऊन नवा भाडेकरू येण्याच्या वेळी, तो चुन्याचा एक हात मारून देई.

मग १८९६ साली मांडवी भागात प्लेग निघाला आणि भिंतीला तिसरा मालक मिळाला, तो म्हणजे सरकार. रोगाचे विष अंधाऱ्या, ओलसर जागेत आणि भिंतींत दडून असते, अशी तेव्हाच्या अधिकाऱ्यांची समजूत होती. म्हणून घरे धुवायची, कौले काढून आत ऊन घ्यायचे आणि भिंतींना चुना फासायचा, अशी मोहीम निघाली. ज्या घरात राहणे अयोग्य ठरे त्याच्यावर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी आद्याक्षरे रंगवीत. पुण्यात घरतपासणीने काय प्रक्षोभ झाला आणि १८९७ च्या जून महिन्यात त्याचे पर्यवसान कशात झाले, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. गंमत अशी की, प्लेग भिंतींतून पसरतच नव्हता. उंदरांवरच्या पिसवा तो पसरवितात, असे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली मांडले आणि पुढे ते सर्वमान्य झाले. चुना व्यर्थ गेला असे मात्र मी म्हणणार नाही. ताजा चुना जंतुनाशक असतो, आणि गॅलरीकडे एकच खिडकी असलेल्या खोलीत पांढऱ्या भिंतीने जो उजेड पडतो तो दुसऱ्या कशाने पडत नाही. परंतु पांढरा म्हणजे आरोग्याचा आणि शिस्तीचा रंग, ही कल्पना तेव्हापासून जी रुजली ती रुजलीच.

त्याच १८९८ साली मुंबईत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रस्ते रुंद केले आणि काही चाळीही बांधल्या. पुढे १९२० नंतर बी. डी. डी. चाळी उठल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड मिळून त्यांच्या २०७ इमारती होत्या, आणि एकेक खोली १६० चौरस फुटांची. भिंती सिमेंट-काँक्रीटच्या. मजबुतीच्या दृष्टीने उत्तम, पण त्यांत खिळा सहजासहजी शिरत नाही. ज्या बाईला खुंटी, कोनाडा आणि फडताळ यांची सवय, तिला ही भिंत किती परकी वाटली असेल, याचा विचार करावा!

आता भिंत घरमालकाच्या हातून भाडेकरणीच्या हाती कशी आली ते पाहू. माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग तो हाच, आणि तो रंगाच्या दुकानात घडला नाही, कायद्याच्या पुस्तकात घडला. पहिल्या महायुद्धात जागांची टंचाई होऊन भाडी वाढू लागली, तेव्हा १९१८ साली त्यांना लगाम घालणारा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. आणि मग १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला, त्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे धरले. घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य म्हणून त्याच कायद्यात लिहिले होते. मालकाने ते केले नाही तर भाडेकरूने नोटीस द्यावी, स्वतः दुरुस्ती करावी आणि काही मर्यादेपर्यंत तो खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही तरतूद होती. पण भाडे जागच्या जागी गोठलेले आणि चुना, मजुरी, लाकूड दरसाल महाग होत चाललेले. मालकाने जिन्याखाली कुंचा ठेवून दिला तो पुन्हा उचलला नाही. भाडेकरूच्या बाजूने पाहिले तर तिला आता कोणी उठवू शकत नव्हते. जागा तिच्या मुलांकडे जाणार हेही जवळजवळ ठरलेले. मग ती स्वतःच्या पैशाने रंग काढू लागली आणि जो स्वतः पैसे देतो तो आपल्या आवडीचा रंग मागतो. मुंबईच्या चाळी पांढऱ्याच्या हिरव्या, आकाशी आणि गुलाबी झाल्या त्या अशा.

गिरगावातील एखादी जुनी चाळ पाडतात तेव्हा शेजारच्या इमारतीला चिकटलेली तिची भिंत काही दिवस उघडी राहते. तुम्हीही पाहिली असेल. एकाच भिंतीवर वरपासून खालपर्यंत चौकोन दिसतात, कुठे पिस्ता, कुठे मोरपिशी, कुठे अबोली, आणि मधोमध देव्हाऱ्याच्या कोनाड्याभोवती काजळीचे वर्तुळ. मालक एकच होता. रंग मात्र जितक्या खोल्या तितके. माझ्या म्हणण्याला याहून निराळा पुरावा लागू नये.

मी स्वतः १९७१ साली लग्न होऊन अशाच एका खोलीत आले. भाडे १८ रुपये. पहिल्या दिवाळीपूर्वी रंग काढायचा ठरला तेव्हा घरात तीन मते पडली. सासूबाईंचा चुन्यावर विश्वास. कळीचा चुना पिंपात भिजत घालावा, खदखदून निवला की फडक्यातून गाळावा, त्यात सरसाचे पाणी आणि नीळ घालावी, असा त्यांचा पाठ होता. नीळ कशासाठी, तर चुन्याचा पिवळसरपणा मारण्यासाठी. धोतराला घालतात त्याच कारणाने. काही घरांत कीड लागू नये म्हणून मोरचूदही टाकीत, त्याने भिंतीवर निळसर-हिरवी झाक येई. यजमानांना डिस्टेंपर हवे होते, कारण त्यांच्या कचेरीत ते नुकतेच लागले होते. धाकट्या दिरांना तैलरंगाचा खालचा पट्टा पाहिजे होता, इस्पितळात असतो तसा! अखेर पिस्ता डिस्टेंपर आले. रंग निवडण्याची पद्धत सोपी होती. रंगाऱ्याला हाताला धरून शेजारच्या खोलीत न्यायचे आणि “असा, पण जरा फिका,” म्हणून सांगायचे. रंगांच्या कार्डावर बोट ठेवून निवडण्याची चैन आमच्या मजल्यावर पुष्कळ उशिरा आली.

डिस्टेंपर म्हणजे मुळात खडूची भुकटी, रंग आणि सरस. १९४२ साली मुंबईत चार मित्रांनी सुरू केलेल्या एशियन पेंट्सने असले रंग लहान डब्यांतून गल्लीबोळांतल्या दुकानांत पोहोचविले. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली त्यांच्यासाठी काढलेला, हातात कुंचला घेतलेला खट्याळ गट्टू पुष्कळ भगिनींना आठवत असेल. साध्या डिस्टेंपरचा दोष एकच, पाठ टेकली की पदराला रंग लागे. म्हणून बसण्याच्या उंचीपर्यंत भिंतीला कापड लावण्याची किंवा तैलरंगाचा पट्टा देण्याची चाल पडली.

तैलरंगाला भाव आला त्याचे एक कारण स्वयंपाकघरात होते. चूल, शेगडी आणि पंपाचा स्टोव्ह होता तोवर भिंत वर्षात काळवंडे. तिला महाग रंग देणे म्हणजे पैसे धुरात घालणे. १९५५ च्या सुमारास मुंबईत सिलिंडरचा गॅस मिळू लागला आणि हळूहळू तो चाळींतही शिरला. भिंत पुसता येते, हा शोध मग आम्हा बायकांना लागला. परंतु या पुसता येणाऱ्या रंगाने एक नुकसानही केले. जुन्या चाळींची चिनाई आणि गिलावा चुन्याचा. तो पावसाळ्यात ओल पितो आणि उन्हाळ्यात ती सोडून देतो. वरून तैलरंगाचे कातडे चढविले की ओल आतच कोंडते, फुगे येतात आणि पोपडे सुटतात. चुन्याचे तसे नव्हते. चुना हवेतला वायू शोषून पुन्हा दगडासारखा होतो आणि तरी भिंतीचा श्वास कोंडत नाही. सासूबाईंना यातले रसायन ठाऊक नव्हते, पण त्यांचे म्हणणे खरे होते.

या जुन्या तैलरंगांबाबत एक गोष्ट तरुण मातांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. पूर्वीच्या अशा रंगांत शिशाचे प्रमाण पुष्कळ असे, विशेषतः पिवळ्या आणि लाल छटांत. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यामुळे जुन्या खोलीची भिंत कोरडी घासून खरवडू नये, पाणी मारून खरवडावी, आणि ते काम चालू असता लहान मुलांना व गरोदर बाईला त्या खोलीत ठेवू नये.

रंगाचे झाले, सजावटीची कथा थोडी निराळी आहे. भिंत आपली नसली तरी भिंतीवरची वस्तू आपली असते, आणि जागा सुटली तर ती ट्रंकेत घालून नेता येते. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली गिरगावात सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वती चाळकऱ्यांच्या घरी आल्या. छताजवळ ओळीने, किंचित पुढे झुकलेल्या तसबिरी आणि त्यांच्यामागे चिमण्यांची घरटी, असे दृश्य माझ्या पिढीने शेवटचे पाहिले. पुढे दलाल आणि मुळगावकर यांची चित्रे दिवाळी अंकांतून आणि कॅलेंडरांवरून कापून चौकटीत बसविली जाऊ लागली. याशिवाय मण्यांचे तोरण, क्रोशाचा रुमाल, ‘सुस्वागतम्’ भरलेली काचेची चौकट. या कलाकुसरीला हसण्याची अलीकडे चाल आहे. मला ती मुळीच पसंत नाही. ज्या खोलीत रात्री आठ माणसे झोपत तिथे जमिनीवर शोभेसाठी वीतभर जागा नव्हती; होती ती भिंतच.

चक्र पुढे उलटे फिरले तेही कायद्यानेच. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक म्हणून राहत होते त्यांना कायद्यातील दुरुस्तीने भाडेकरूंचे हक्क मिळाले. त्यांचे कल्याण झाले, पण मालक धास्तावले आणि जागा देणेच टाळू लागले. दिली तर अकरा महिन्यांपुरती. १९९९ च्या नव्या भाडे नियंत्रण कायद्याने मुदत संपल्यावर जागा परत मिळण्याची मालकाची बाजू पक्की केली आणि करार लेखी व नोंदणीकृत हवा असे ठरविले. आज आपल्या मुली-सुना ज्या जागांत राहतात त्या बहुतेक या प्रकारच्या. भिंत पुन्हा पांढरी झाली आहे. रंगाच्या दुकानात यंत्र हजारो छटा मिसळून देते, पण घरात खिळा मारायला बंदी! माझ्या परिचयातील एका मुलीची अनामत रक्कम सोडताना मालकाने सात खिळ्यांच्या भोकांचे पैसे कापले. तिने मुलाचे चित्र लावले होते.

इकडे बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास २०२१ साली सुरू झाला. १६० फुटांच्या बदल्यात ५०० फुटांची स्वतःच्या मालकीची जागा, असा तो हिशेब आहे. तिथल्या बायका आता काय रंग निवडतात, हे पाहण्याची मला फार उत्सुकता आहे.

बाकी आपल्यापैकी ज्या भाड्याने राहतात, त्यांना एवढेच सांगते की सही करण्यापूर्वी तीन गोष्टी करारात लिहून घ्याव्यात. जागा सोडताना रंगाचा खर्च कोणी करायचा, भिंतीला किती खिळे चालतील, आणि एखादी भिंत आपल्या खर्चाने रंगविली तर ती पुन्हा पांढरी करून द्यावी लागेल काय. ज्या दिवशी राहायला जाल त्या दिवशी प्रत्येक भिंतीचे तारखेसह छायाचित्र काढून मालकाकडे पाठवावे. आमच्या मंडळातल्या दोघींनी गेल्या वर्षी असे लिहून घेतले. मालकांनी थोडी कुरकुर केली, पण दिले. त्यांपैकी एकीने मुलीच्या अभ्यासाच्या कोपऱ्यातली भिंत आकाशी करून घेतली आहे.