भट्टी, पत्रा आणि स्मृती : तारापूरच्या पोलादाविषयी

कारखान्याचा इतिहास हा आपला प्रांत नव्हे, असे साहित्याच्या अभ्यासकांना सहसा वाटते. वस्तुतः मराठी वाङ्मयाने श्रमाचा इतिहास वेळोवेळी लिहून ठेवला आहे. गिरणी कामगारांच्या मुंबईला नारायण सुर्वे यांची 'माझे विद्यापीठ' (1966) मधील कविता लाभली. आमच्या पालघर परिसरातील वारल्यांच्या 1945 च्या लढ्याला गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (1970) लाभले. मात्र याच भूमीवर पुढे उभ्या राहिलेल्या पोलादाच्या वाट्याला अशी लेखणी आलेली नाही. ही उणीव का निर्माण झाली, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

तारापूर हे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते जानेवारी 1739 मधील किल्ल्याच्या लढाईमुळे. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेतील या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थी पडले. त्यानंतर हे नाव देशाच्या कानी पडले ते 1969 मध्ये, अणुवीज केंद्र सुरू झाले तेव्हा. याच टापूत, बोईसर स्थानकालगत, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत विस्तारली आणि तिच्यात रसायने, औषधे, कापड यांच्या जोडीने पोलादही आले. तारापूरला पिरामल स्टील या कंपनीची एक छोटी पोलाद गिरणी होती. ती 1982 मध्ये जिंदल समूहाने विकत घेतली आणि तिचे नामकरण जिंदल आयर्न अँड स्टील कंपनी असे केले. त्याच सुमारास वासिंदचा कारखाना उभा राहिला. पुढे 1994 मध्ये कर्नाटकातील तोरणगल्लू येथे जिंदल विजयनगर स्टीलची स्थापना झाली आणि 2005 मध्ये या दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून जेएसडब्ल्यू स्टील ही कंपनी साकारली. देशातील एका अग्रगण्य पोलाद उद्योगाची वंशावळ अशी बोईसरच्या वेशीपाशी येऊन पोहोचते.

तुलनेसाठी जर्मनीतील फोल्कलिंगनचा लोखंड कारखाना पाहू. सार नदीकाठी 1873 मध्ये युलियुस बुख यांनी तो सुरू केला. 1881 मध्ये तो कार्ल रोखलिंग यांनी घेतला आणि 1883 मध्ये त्यांची पहिली झोतभट्टी पेटली. 1986 मध्ये भट्ट्या विझल्या. तरीही कारखाना मोडीत निघाला नाही. 1994 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. दुसऱ्या महायुद्धात तेथे हजारो परदेशी माणसांना सक्तीने राबवले गेले, हेही झाकून ठेवलेले नाही. 2018 मध्ये ख्रिस्तियां बोल्तान्स्की या कलावंताने त्यांच्या स्मरणार्थ तेथे एक कायमस्वरूपी कलाकृती उभारली.

असे स्मारक तारापूरला का होत नाही, याचे उत्तर केवळ अनास्थेत नाही. ते धातुकामाच्या प्रकारातही आहे. झोतभट्टी खनिज आणि कोक यांवर चालते, ती टोलेजंग असते, दशकानुदशके एका जागी उभी राहते. छोट्या पोलाद गिरणीत विजेच्या भट्टीत मुख्यतः भंगार वितळवले जाते. म्हणून तिला खाणीचे सान्निध्य लागत नाही. वीज, रेल्वे आणि मुंबईसारखी बाजारपेठ जवळ असली की पुरे. पत्र्याच्या कारखान्यात पोलादाची गुंडाळी आम्लाने धुऊन, थंड अवस्थेत लाटून पातळ करतात आणि वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. तयार पत्रा कुठल्याशा छपरावर जाऊन बसतो. जुने यंत्र निकामी झाले की तेही भंगारात जाते आणि पुन्हा एखाद्या भट्टीत वितळते. भूतकाळ वितळवूनच जो उद्योग चालतो, त्याची स्मृती वास्तूत कशी टिकणार? ती भाषेतच टिकवावी लागते.

आज या वसाहतीविषयी जे लिखित उरते आहे, ते दोन टोकांचे आहे. एकीकडे कंपन्यांचे वार्षिक अहवाल, दुसरीकडे प्रदूषणाचे निर्देशांक. 2018 च्या केंद्रीय निर्देशांकात तारापूर देशातील औद्योगिक क्षेत्रांमध्ये सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. दोन्ही दस्तऐवज आवश्यकच आहेत. परंतु भट्टीसमोर उभे राहून पाळी काढणारा माणूस त्या दोहोंतही नाही. त्याची बोली, ठेकेदाराशी चाललेला त्याचा व्यवहार, आदिवासी पाड्यावरून किंवा उत्तर भारतातून बोईसरला येताना त्याने मागे सोडलेले घर, यांची नोंद अहवालाच्या रकान्यात बसत नाही.

हे काम मराठी विभागांचे आहे, असे आम्हांस वाटते. एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी लघुप्रबंधासाठी पुन्हा तेच चार कादंबरीकार निवडण्यापेक्षा निवृत्त कामगारांच्या मुलाखती घ्याव्यात, कारखान्यातील मिश्र शब्दसंपदा टिपून ठेवावी. 1982 मध्ये विशीत असलेला कामगार आज साठी ओलांडून गेला आहे. त्याच्याकडे जाण्यास आपण आणखी किती वर्षे लावणार आहोत?