सिल्व्हर ईगल, प्रूफ : टांकसाळीची ओळख

सिल्व्हर ईगल, प्रूफ : ‘अमेरिकन सिल्व्हर ईगल’ या अमेरिकेच्या अधिकृत चांदीच्या बुलियन (गुंतवणुकीच्या) नाण्याची, संग्राहकांसाठी खास पाडलेली आवृत्ती. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ९ जुलै १९८५ रोजी सही केलेल्या कायद्याने या नाण्याला मान्यता मिळाली. सरकारी साठ्यात पडून असलेली चांदी विकण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली आणि १९८६ मध्ये नाणे बाजारात आले. दर्शनी मूल्य एक डॉलर, चांदी एक ट्रॉय औंस (३१.१०३ ग्रॅम), शुद्धता ९९९, व्यास ४०.६ मिमी. दर्शनी बाजूवर उगवत्या सूर्याकडे चालत निघालेली स्वातंत्र्यदेवता आहे. शिल्पकार अडॉल्फ वाइनमन यांनी १९१६ च्या अर्ध्या डॉलरसाठी केलेली ही रचना अमेरिकेच्या सर्वांत देखण्या नाणेरचनांत मोडते. मागच्या बाजूला २०२१ च्या मध्यापर्यंत जॉन मर्कँटी यांचा ढालधारी गरुड होता. त्यानंतर एमिली डॅमस्ट्रा यांचा, ओकची फांदी घेऊन उतरणारा गरुड आला.

‘प्रूफ’ म्हणजे नाण्याची प्रत किंवा दर्जा नव्हे, ती नाणे पाडण्याची रीत आहे. घासून चकचकीत केलेली चकती एकेक करून हाताने यंत्रात ठेवतात आणि खास तयार केलेल्या ठशांनी तिच्यावर किमान दोनदा दाब देतात. त्यामुळे मोकळी जागा आरशासारखी होते आणि आकृती दुधी, तुषारल्यासारखी उठते. ‘रिव्हर्स प्रूफ’मध्ये हेच उलट असते : आकृती चमकते, मोकळी जागा दुधी राहते. हाताळताना बोट लागलेले प्रूफ नाणेही प्रूफच राहते. कमी होते ते त्याचे मोल.

प्रूफ नाणे कुठे पाडले ते त्यावरचे एक बारीक अक्षर सांगते. मर्कँटींच्या गरुडात हे अक्षर शेपटीच्या डाव्या अंगाला सापडते; पाचपटीचे साधे भिंग त्यासाठी पुरते. १९८६ ते १९९२ ची प्रूफ नाणी सॅन फ्रान्सिस्कोची असून त्यांच्यावर ‘एस’ आहे. १९९३ पासून २००० पर्यंत फिलाडेल्फियाचा ‘पी’, तर २००१ पासून नियमित प्रूफवर वेस्ट पॉइंटचा ‘डब्ल्यू’ येतो. २००९ मध्ये प्रूफ निघालेच नाही, कारण साध्या बुलियन नाण्यांनाच मागणी इतकी होती की चकत्या पुरेनात. पुढे ही सरळ वाटणी राहिली नाही. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने पुन्हा ‘एस’ खुणेचे प्रूफ काढले, म्हणजे त्या वर्षीच्या दोन प्रूफ नाण्यांत फरक फक्त एका अक्षराचा. त्याआधी २०११ च्या रौप्यमहोत्सवी संचात पाच नाणी होती : ‘डब्ल्यू’ प्रूफ, ‘पी’ रिव्हर्स प्रूफ, ‘डब्ल्यू’ आणि ‘एस’ खुणांची प्रत्येकी एक अनसर्क्युलेटेड (प्रूफ नसलेले) आणि एक खूण नसलेले बुलियन. नुसता ‘डब्ल्यू’ पाहून नाणे प्रूफ आहे असे ठरवता येत नाही, ते यावरून उघड होते. आधी पृष्ठभाग पाहावा, अक्षर नंतर.

या मालिकेतले सर्वांत नावाजलेले नाणे १९९५ चे ‘डब्ल्यू’ प्रूफ. ईगल नाण्यांच्या दशकपूर्तीनिमित्त सोन्याच्या चार प्रूफ नाण्यांचा संच ९९९ डॉलरला विकला गेला आणि हे चांदीचे नाणे त्याच्यासोबत देण्यात आले; ते सुटे मिळत नव्हते. फक्त चांदी जमवणारे अर्थातच नाराज झाले. एकूण ३०,१२५ नाणी गेली. त्याच वर्षीची ‘पी’ खुणेची प्रूफ मात्र चार लाखांहून अधिक आहेत. बनावटगिरी होते ती नेमकी इथेच, कारण खऱ्या ‘पी’ नाण्यावरचे अक्षर खरवडून ‘डब्ल्यू’ चिकटवला की वजन, चांदी, व्यास सगळे बरोबर भरते. म्हणून तराजूवर विसंबू नये. नाणे दिव्याखाली तिरपे धरून अक्षराचे बूड पाहावे. अस्सल अक्षर ठशातूनच उठलेले असते, त्याच्यावर आकृतीसारखीच दुधी झाक असते आणि आरसा त्याला थेट भिडतो. चिकटवलेल्या अक्षराच्या बुडाशी सांधा दिसतो किंवा आजूबाजूच्या आरशावर खरवडल्याचे बारीक ओरखडे राहतात. २०२१ च्या नव्या रचनेत कडेच्या रेघांमध्ये मुद्दाम एक खंड ठेवला आहे. नकली नाण्यांना अटकाव हा त्याचा हेतू.

गुंतवणुकीसाठी निघणाऱ्या साध्या बुलियन नाण्यांवर टांकसाळीची खूण नसते, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. ही नाणी तिन्ही टांकसाळींनी वेळोवेळी पाडली आहेत. २०१५ मध्ये फिलाडेल्फियाने ७९,६४० नाणी पाडल्याचे माहिती अधिकाराच्या अर्जामुळे २०१७ मध्ये समजले. तोवर त्यांतली कितीतरी नाणी डब्यांतून निघून इतरांत मिसळली होती. ५०० नाण्यांच्या सीलबंद डब्यावरच्या क्रमांकावरून टांकसाळ ठरवतात आणि प्रतवारी करणाऱ्या कंपन्या मग ते अक्षर कंसात छापतात. कंसातले अक्षर म्हणजे डब्याची साक्ष. ते नाण्यावर कुठेही नसते आणि दोन टांकसाळींची नाणी एकत्र केली तर कोणालाही ती वेगळी काढता येत नाहीत. अशा नाण्यासाठी जादा दाम मोजणे प्रस्तुत लेखकाला पटत नाही. प्रूफवरच्या अक्षरासाठी मोजणे पटते, कारण ते धातूतच उमटलेले असते.

भारतीय नाण्यांची सवय असलेल्या संग्राहकाने इथे सावध राहावे. आपल्याकडे वर्षाखाली चौकट दिसली की नाणे मुंबईचे, तारा दिसला की हैदराबादचे, ठिपका असला की नोएडाचे, आणि काहीच नसले तर कोलकात्याचे. ईगलवर खूण नसणे मात्र कोणत्याच एका टांकसाळीकडे बोट दाखवत नाही.

प्रूफ नाणे टांकसाळीने दिलेल्या कुपीतच ठेवावे आणि उघडावेच लागले तर फक्त कडेने धरावे. मऊ पीव्हीसी असलेल्या प्लॅस्टिकच्या पाकिटांनी कालांतराने चांदीवर हिरवट चिकट थर चढतो. काळवंडलेले नाणे चांदीची भांडी उजळतात तसे पावडरीने घासू नये, मऊ फडक्यानेही पुसू नये. आरशावर पडलेले चरे पुन्हा निघत नाहीत. मूळ डबी आणि प्रमाणपत्र जपून ठेवावे. मात्र डबी कोणत्याही नाण्यावर चढवता येते, त्यामुळे विकत घेताना डबी बाजूला ठेवून आधी नाणे भिंगाखाली धरावे.