आधी काय, नंतर काय?

नोकरीचा अर्ज असो वा परीक्षेतील प्रश्न, ‘क्रॉनॉलॉजिकल ऑर्डर’ हे शब्द कुठे ना कुठे भेटतातच. आपण त्यांचा अर्थ ‘तारीखवार’ असा लावतो आणि मोकळे होतो. मूळ शब्द ग्रीक. ‘क्रोनोस’ म्हणजे काळ आणि ‘लोगोस’ म्हणजे विचार, विवेचन. या दुसऱ्या पदाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. इतिहासकाराची कसोटी मात्र तेथेच लागते. तारखा एकीखाली एक मांडणे सोपे आहे. त्या एकाच मापाने मोजलेल्या आहेत काय, हे ठरविणे अवघड.

शिवकालाचेच उदाहरण घ्या. महाराजांचा राज्याभिषेक झाला शके १५९६च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस. त्या वेळी रायगडावर आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्या लेखी तो दिवस ६ जून १६७४. गोव्यातील पोर्तुगीजांच्या लेखी मात्र तीच १६ जून! कारण पोर्तुगालने ग्रेगरियन कालगणना १५८२ सालीच स्वीकारली होती. इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन गणनेलाच धरून होते. आता ६ जूनचे मुंबईचे पत्र आणि १२ जूनचे गोव्याचे पत्र अभ्यासकापुढे आले, तर आधीचे कोणते? गोव्याचे! नुसते आकडे पाहून पत्रे लावली, तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, असा उलटा संसार व्हावयाचा.

शकाच्या बाबतीतही असेच आहे. शिवजन्माचे साल म्हणून १६२७ हेच दीर्घकाळ रूढ होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली उजेडात आणली. तीत जन्मतिथी आहे शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी आहे. शकात सरसकट ७८ मिळविले, तर १६२९ हे साल येते. पण जानेवारी लागला की ७९ मिळवावे लागतात. म्हणून तारीख आली १९ फेब्रुवारी १६३०. गंमत अशी की, त्याच दिवशी एखाद्या इंग्रजाने पत्र लिहिले असते, तर त्यावर साल बहुधा १६२९च पडले असते. कारण त्यांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला पालटत असे! राज्याभिषेकाच्या वेळी महाराज सत्तेचाळीस वर्षांचे की चव्वेचाळीस, हे असल्या हिशेबावर ठरले.

दूर कशाला जावे? बलिप्रतिपदेला गुजराती पेढीवरील वहीत विक्रम संवताचा नवा आकडा चढतो; आपला शक मात्र गुढीपाडव्यापर्यंत तोच राहतो. पहाट एक, पण एकाचे वर्ष नवे, दुसऱ्याचे जुनेच! तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत आजोबांच्या पेटीतील कागद हाती आले, तर त्यांवरचा आकडा शकाचा की सनाचा, हे आधी पाहावे. आधी काय आणि नंतर काय, हे मग बोलावे.