आधी आकडा, मग नाव

सांबा हा फाइल सर्व्हर चालणाऱ्या संगणकावरची लॉग फाइल उघडली, की नोंदीच्या डोक्यावर चौकटी कंसात तारीख, वेळ आणि स्वल्पविरामानंतर एक आकडा दिसतो. ० किंवा १, कधी ३, क्वचित १०. नवख्याची नजर तारखेवरून थेट खालच्या मजकुरावर जाते. मुरलेला अ‍ॅडमिन आधी तो आकडा पाहतो आणि शून्य दिसलं, की हातातलं काम बाजूला ठेवतो. हा आकडा ज्या सर्व्हरसोबत जगभर गेला, त्याचं जन्मगाव ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा.

१९९१ च्या डिसेंबरात तिथल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल पीएच.डी. करत होते. आपल्या डॉस चालणाऱ्या पीसीवरून युनिक्स यंत्रावरच्या फाइल्स वापरता याव्यात, एवढीच त्यांची गरज होती. दोन यंत्रांमधल्या संवादाचं कागदपत्र हाताशी नव्हतं. म्हणून त्यांनी तारेवरून जाणारी पाकिटं पकडून वाचली, कोणत्या प्रश्नाला कोणतं उत्तर येतं ते टिपलं आणि तशीच उत्तरं देणारा सर्व्हर लिहिला. जानेवारी १९९२ मध्ये तो इतरांसाठी खुला झाला. पुढे त्याच्या नावावर एका कंपनीचा हक्क निघाला, तेव्हा ट्रिजेल यांनी त्या संवादपद्धतीच्या नावातली एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने असलेले शब्द युनिक्सच्या शब्दयादीत शोधले. त्यातून १९९४ साली ‘सांबा’ हे नाव मिळालं.

ऐकून ऐकून शिकलेल्या भाषेत बोलणाऱ्याला आपण नेमकं काय ऐकलं आणि काय उत्तर दिलं, हे सतत टिपून ठेवावं लागतं. सांबाचंही तसंच. समोरून विंडोजची नवी आवृत्ती आली आणि तिने अनोळखी प्रश्न विचारला, तर चूक शोधायची पहिली जागा म्हणजे लॉग.

हा शब्द आला जहाजावरून. लॉग म्हणजे ओंडका. दोरीला बांधलेली लाकडी फळी खलाशी समुद्रात टाकत आणि ठरावीक वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सरकल्या, ते मोजत. ती गती ज्या वहीत उतरवायची, ती लॉगबुक. आपल्याकडे हेच काम पेशवाईच्या दप्तरात रोजकीर्द करत होती. पण लॉगबुक काय किंवा रोजकीर्द काय, नोंदी लागायच्या त्या तारखेच्या क्रमाने. कोणती नोंद वाचून धावत सुटायचं, हे वहीत लिहिलेलं नसे. वही वाचणारा कारकून ते जाणत असे. संगणकाच्या फाइलला असा कारकून नव्हता, आणि ओळी तर मिनिटाला शेकड्यांनी पडू लागल्या.

त्यावरचा तोडगा १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत निघाला. एरिक ऑलमन तिथे सेंडमेल हा टपालाचा सर्व्हर लिहीत होते. त्याच्या नोंदींसाठी त्यांनी सिसलॉग तयार केलं आणि पुढे युनिक्सवरचे इतर प्रोग्रामही त्यातच नोंदी टाकू लागले. त्यात गांभीर्याच्या आठ पायऱ्या स्थिरावल्या: आणीबाणी, तातडीचा इशारा, गंभीर, चूक, सावधान, दखल, माहिती आणि डीबग. आणीबाणीला ०, डीबगला ७. आकडा जितका लहान, तितकं संकट मोठं. नोंद कोणत्या खात्याची, हेही आकड्यातच बसवलेलं होतं: खात्याचा क्रमांक गुणिले ८, अधिक गांभीर्य. प्रवेश-परवानगीचं खातं ४ आणि गांभीर्य २ असेल, तर नोंदीच्या सुरुवातीला ३४ येतो. ही रीत अनेक वर्षं नुसत्या वहिवाटीने चालली. २००१ साली ती दस्तऐवजात उतरली आणि मार्च २००९ मध्ये तिचं रीतसर मानक झालं.

सांबाने मात्र स्वतःची मोजपट्टी वापरली, ० ते १०. वरवर पाहता दोन्ही सारख्याच, पण त्यांच्यामागचे प्रश्न वेगळे आहेत. सिसलॉग विचारतं, गोष्ट किती गंभीर? सांबाचा आकडा विचारतो, किती बारकाईने सांगू? त्याच्या माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट आहे. शून्यावर फक्त गंभीर चुका आणि महत्त्वाचे इशारे. रोजच्या कामाला १ पुरे. त्यापुढचे आकडे बिघाड शोधण्यापुरते. ३ च्या पुढचं सगळं केवळ प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी, प्रचंड आणि बहुतांशी दुर्बोध. बाहेरून कान पिरगाळायची सोयही होती: जुन्या आवृत्त्यांत चालत्या सर्व्हरला एक सिग्नल पाठवला की पातळी एकाने चढे, दुसरा पाठवला की उतरे. पुढे त्यासाठी वेगळी आज्ञा आली. नंतर तर खातेवार पातळीही ठरवता येऊ लागली. बाकी सर्व्हर ३ वर, पण ओळखपडताळणी १० वर, असं एका ओळीत सांगता येतं.

बारकाई वाढवण्याची किंमतही असते. सांबाची लॉग फाइल मूळ मर्यादेनुसार ५,००० किलोबाइटची झाली, की तिला ‘जुनी’ असं शेपूट लावून बाजूला सारलं जातं आणि नवी फाइल सुरू होते. पातळी १० वर ठेवून विसरलेल्या माणसाच्या यंत्रात ही मर्यादा बघता बघता गाठली जाते. पहाटे पडलेली ती एकुलती शून्याची ओळ दुपारपर्यंत फुटकळ तपशिलाखाली गाडली जाऊ शकते.

मग सांबाच्या नोंदी सिसलॉगमध्ये पाठवायच्या तर दोन पट्ट्या जुळवायच्या कशा? सांबाने सरळ तक्ता दिला: आपला ० म्हणजे तिकडची चूक, १ म्हणजे सावधान, २ म्हणजे दखल, ३ म्हणजे माहिती आणि उरलेले सगळे डीबग. बारकाईच्या आकड्याला गांभीर्याचं नाव इथे चिकटलं.

आकड्याला नाव लागणं म्हणजे काय, हे ऑस्ट्रेलियाने सर्व्हरच्या खोलीबाहेर फार मोठी किंमत मोजून पाहिलं आहे. वणव्यांचा अभ्यास करणारे अ‍ॅलन मॅकआर्थर हेही कॅनबेरातलेच. १९६० च्या दशकात त्यांनी पुठ्ठ्याची गोल चकती केली. तापमान, हवेतली आर्द्रता, वारा आणि रानाचा कोरडेपणा तिच्यावर जुळवला, की वणव्याच्या धोक्याचा आकडा मिळे. १३ जानेवारी १९३९ च्या काळ्या शुक्रवारी व्हिक्टोरियात ७१ माणसं दगावली होती. तो दिवस १०० धरून पट्टी आखलेली होती. ७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरियात अनेक ठिकाणी आकडा शंभराच्या वर गेला आणि त्या दिवसाच्या वणव्यांत १७३ जण गेले. वर्गवारीत सगळ्यात वरचं नाव होतं ‘अतितीव्र’, आणि ते ५० पासूनच लागू होत असे. साठच्या दिवसाला आणि दीडशेच्या दिवसाला एकच शब्द. त्यानंतर ‘विनाशकारी’ ही नवी पायरी आली. १ सप्टेंबर २०२२ पासून देशभर चारच पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीसोबत एकेक कृती जोडलेली आहे: मध्यमला तयारी करा, उच्चला सज्ज राहा, अतितीव्रला जीव आणि मालमत्ता वाचवायला आत्ताच पावलं उचला, विनाशकारीला जीव वाचवायचा तर वणव्याचा मुलूख सोडा. गणित आतमध्ये चालूच आहे. रस्त्याकडेच्या फलकावर मात्र शब्द दिसतो.

सांबाही त्याच वाटेने गेला, अर्थात जिवाची नव्हे तर झोपेची काळजी वाहत. त्याच्या संहितेत नोंद करणारी जुनी आज्ञा ‘डीबग’ या एकाच नावाची होती आणि पातळीचा आकडा लिहिणाऱ्याने द्यायचा. एकाला ३ वाटे, दुसऱ्याला तीच गोष्ट ५ वाटे. आता सांबात संहिता लिहिण्याचे नियम सांगतात की त्याऐवजी पाच नावं वापरा: चूक, सावधान, दखल, माहिती, डीबग. आत त्यांचे आकडे आहेत अनुक्रमे ०, १, ३, ५ आणि १०, आणि ज्या फंक्शनमधून नोंद झाली त्याचं नाव ओळीत आपोआप येतं.

जुन्या आकडेवाल्या आज्ञा संहितेतून पुसल्या गेलेल्या नाहीत. दोन्ही पिढ्या एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी नांदतात आणि लॉगमध्ये पोचताना दोघींच्याही डोक्यावर तोच स्वल्पविराम आणि तोच आकडा असतो. फरक पडतो तो ओळ लिहिली जाते त्या क्षणी. मेमरी मिळाली नाही, हे नोंदवायला बसलेल्याला पूर्वी ० ते १० मधला एक आकडा निवडायचा असे. आता त्याला ठरवायचं असतं, ही चूक आहे की नुसतं सावधान.