रिकाम्या रानातील पाहुणचार : साबी सँड येथील सफारी लॉजची ऐतिहासिक पार्श्वभूमी

दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य भागात, क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम सीमेस लागून, साबी आणि सँड या दोन नद्यांचे नाव धारण करणारे सुमारे 65,000 हेक्टरांचे एक खाजगी अभयारण्य आहे. जगातील अत्यंत महागड्या सफारी लॉजपैकी काही येथे आहेत. तेथील मुक्कामाचा क्रम बहुतेक सर्वत्र सारखाच असतो. पहाटे अंधारातच पाहुण्यांना उठविले जाते. चहा-कॉफी घेऊन ते उघड्या गाडीत बसतात. गाडीच्या पुढील टोकास बसविलेल्या छोट्या आसनावर एक स्थानिक माणूस बसतो व मातीतील पाऊलखुणा वाचीत जातो. बिबट्याचा माग लागला की गाडी रस्ता सोडून सरळ झुडपांत शिरते. दुपार विश्रांतीची, सायंकाळी पुन्हा फेरी, सूर्यास्ताच्या वेळी मद्याचा पेला आणि रात्री काटेरी कुंपणाच्या आत, शेकोटीभोवती भोजन. या कुंपणास तेथे ‘बोमा’ म्हणतात. शब्द पूर्व आफ्रिकेतून आलेला असून त्याचा एक मूळ अर्थ गुरे कोंडण्याची जागा, म्हणजे आपल्याकडील वाडगे, असा आहे.

पाहुण्यास या मुक्कामात जे विकले जाते ते केवळ प्राण्यांचे दर्शन नव्हे. प्राणी शेजारच्या सरकारी उद्यानातही दिसतात व तेथे त्यासाठी फारच कमी पैसे पडतात. येथे विकली जाते ती निर्जनता : मनुष्याचा स्पर्श न झालेल्या आदिम रानात आपण एकटेच आहोत ही भावना. प्रस्तुत निबंधाचे म्हणणे एवढेच की ही निर्जनता निसर्गदत्त नाही. ती कायद्याने, कंपन्यांच्या मालकीने आणि कुंपणांनी सुमारे एका शतकात घडविली गेली, आणि ज्यांना त्यासाठी हलविण्यात आले त्यांचेच कौशल्य या पाहुणचाराचा मुख्य आधार बनले.

राखीव रान आणि ‘झाडून काढणारा’

पॉल क्रूगर यांच्या ट्रान्सवाल प्रजासत्ताकाने 1898 मध्ये साबी व क्रॉकोडाइल या नद्यांमधील प्रदेश शिकारीसाठी बंद करून साबी राखीव रान घोषित केले. बोअर युद्धानंतर ब्रिटिश प्रशासनाने ही व्यवस्था पुढे चालविली व 1902 मध्ये जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन या लष्करी अधिकाऱ्याची तेथे वॉर्डन म्हणून नेमणूक केली. त्याने प्रारंभीच त्या प्रदेशातील दोन ते तीन हजार लोकांना बाहेर काढले. त्यावरून त्याला ‘स्कुकुझा’ हे नाव पडले. त्याचा अर्थ सर्वकाही झाडून काढणारा, असा सांगितला जातो. 1936 मध्ये उद्यानाच्या मुख्य छावणीला हेच नाव देण्यात आले. विस्थापितांनी दिलेले नाव सन्मानचिन्ह म्हणून मिरविले जावे, यातील विसंगती त्या काळी कोणाला जाणवल्याचे दिसत नाही. पुढे 1937 मध्ये स्टीव्हन्सन-हॅमिल्टनने आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, त्यांच्या शीर्षकात या प्रदेशास ‘ईडन’ म्हटले आहे. जेन कॅरुथर्स यांनी क्रूगर उद्यानाच्या सामाजिक व राजकीय इतिहासावरील 1995 च्या ग्रंथात या नंदनवनाच्या कल्पनेची कसून तपासणी केली असून या विषयाच्या अभ्यासकाला तो ग्रंथ टाळता येत नाही.

सर्वच लोक मात्र बाहेर गेले नाहीत. साबी नदीच्या उत्तरेस राखीव रानाचा विस्तार झाल्यावर तेथील वस्त्या खंड भरणारी कुळे म्हणून राहिल्या. शिवाय पोर्तुगीज मोझांबिकमधून कामाच्या शोधात परवान्याविना सीमा ओलांडणाऱ्या मजुरांना पकडून काही दिवस सक्तीने कामास लावले जाई व नंतर परवाना देऊन सोडले जाई. पर्यटकांच्या मोटारी ज्या वाटांवरून पुढे धावल्या, त्यांपैकी अनेक वाटा अशा श्रमातून तयार झाल्या. जे रान पर्यटकाला रिकामे भासत होते, ते कामकरी माणसांनी भरलेले होते.

कंपनी, साखर आणि सिंह

खाजगी अभयारण्याचा उगम 1926 च्या कायद्यात आहे. त्या वर्षी क्रूगर राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. राखीव रानाच्या पश्चिम भागातील बरीच जमीन ट्रान्सवाल कन्सॉलिडेटेड लँड्स यांसारख्या कंपन्यांच्या व खाजगी व्यक्तींच्या मालकीची असल्यामुळे नवी सीमा पूर्वेकडे सरकविण्यात आली व ही शेते बाहेर राहिली. त्यांना ‘शेते’ म्हणावयाचे ते केवळ नोंदीपुरते. या कोरड्या, हिवतापाने ग्रासलेल्या भागात नांगर फारसा चाललाच नाही. कंपनीने टूलॉन नावाच्या शेतावर गुरे आणली आणि सिंहांपासून त्यांचे रक्षण करण्यासाठी हॅरी कर्कमन याला नेमले. त्याने मोठ्या संख्येने सिंह मारले. 1930 च्या दशकात तोच कर्कमन क्रूगर उद्यानात रेंजर झाला, आणि त्याचे टूलॉनवरील घर पुढे त्याच्याच नावाने एक आलिशान लॉज बनले. सिंह मारणाऱ्याच्या ओसरीवर बसून आज पाहुणे सिंहाची गर्जना ऐकतात.

इतर शेते श्रीमंत शिकाऱ्यांनी घेतली. 1926 मध्ये चार्ल्स वार्टी व फ्रँक अंगर यांनी ‘स्पार्टा’ हे शेत सिंहांच्या शिकारीसाठी विकत घेतले. माला माला हे शेत 1920 च्या दशकाच्या अखेरीस नाताळमधील साखर उद्योजक विल्यम कॅम्पबेल याच्याकडे आले. येथे भारतीय वाचकाने क्षणभर थांबावयास हवे. कॅम्पबेल घराण्याची संपत्ती माउंट एजकम्बच्या ऊसमळ्यांतून आली होती, आणि नाताळचे ऊसमळे 1860 पासून भारतीय करारबद्ध मजुरांच्या श्रमावर उभे होते. 1913 च्या संपात याच माउंट एजकम्ब परिसरात गोळीबार होऊन भारतीय मजूर ठार झाले. शिकारीच्या या रानात भारतीय क्वचितच पोहोचले असतील. त्यांच्या घामाचा पैसा मात्र तेथे पोहोचला होता.

1934 मध्ये जमीनमालकांनी एकत्र येऊन खाजगी अभयारण्य निर्माण केले व 1948 मध्ये त्याला साबी सँडचे आजचे संघटित रूप आले. ज्या वर्षी वंशभेदाचे धोरण घेऊन नॅशनल पक्ष सत्तेवर आला, तेच हे वर्ष. या दोन घटनांत थेट कार्यकारणसंबंध जोडणे घाईचे होईल. परंतु गोऱ्यांच्या हाती जमीन एकवटण्याची प्रक्रिया 1913 च्या ‘नेटिव्ह्ज लँड अ‍ॅक्ट’पासून चालू होती, आणि अभयारण्याच्या पश्चिमेस बुशबकरिज परिसरात दाट वस्त्या वाढत गेल्या त्या याच धोरणामुळे. पुढे तो परिसर गाझानकुलू व लेबोवा या ‘होमलँड’मध्ये विभागला गेला.

मुक्काम कोणी करावा, हाही त्या काळी कायद्याचा व नियमाचा प्रश्न होता. क्रूगर उद्यानात अनेक दशके गौरेतर पर्यटकांना रात्रीच्या वस्तीसाठी बलुले ही एकच साधी छावणी उपलब्ध होती. भारतीय वंशाचे लोकही याच वर्गात येत. आज भारतातून जाणारा संपन्न पर्यटक ज्या प्रदेशात सन्मानाने उतरतो, तेथे त्याच्या आजोबांना झोपण्याची जागा शोधावी लागली असती.

बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे

1960 च्या दशकाच्या प्रारंभी माला माला येथे छायाचित्रणाच्या सफारी सुरू झाल्या. स्पार्टा शेताचे मालक बॉइड वार्टी 1969 मध्ये मरण पावले, तेव्हा ते विकावे असा सल्ला कुटुंबास देण्यात आला होता. डेव्ह व जॉन या तरुण मुलांनी तो मानला नाही आणि 1973 मध्ये मातीच्या मोजक्या झोपड्यांत पाहुण्यांची सोय करून लोंडोलोझी सुरू केले. जमिनीची अवस्था वाईट होती. पूर्वीच्या अतिचराईमुळे मातीची धूप झाली होती, गवताची जागा काटेरी झुडपांनी घेतली होती. केन टिनली या पर्यावरणतज्ज्ञाच्या सल्ल्याने झुडपे तोडून, ओघळ बुजवून, पाणी मुरवून गवताळ भाग पुन्हा तयार करण्यात आले. हे काम प्रशंसनीय होते, यात शंका नाही. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते : पाहुण्यास जे अस्पर्श रान म्हणून दाखविले जाते ते कुदळ-फावड्याने दुरुस्त केलेले रान आहे.

प्राण्यांचा विश्वासही असाच मिळविण्यात आला. 1979 पासून एका मादी बिबट्यास गाडीची सवय होत गेली व तिच्या मागावर जॉन वार्टी आणि एल्मन म्लोंगो हे दोघे वर्षानुवर्षे राहिले. यात म्लोंगो यांचे स्थान साहाय्यकाचे मानले गेले, तरी माग काढण्याचे ज्ञान त्यांचे होते. शांगान समाजातील हे कौशल्य पूर्वी निर्वाहाच्या शिकारीसाठी होते. राखीव रानाच्या कायद्यांनी ती शिकार चोरी ठरविली. गोऱ्या शिकाऱ्यांनी तेच कौशल्य पगारावर वापरले. आणि कॅमेरा आल्यावर ते पाहुणचाराचा भाग झाले. गाडीच्या पुढील आसन हे या सर्व स्थित्यंतराचे दृश्य रूप आहे. आपल्याकडेही गावगाड्यात चोराचा माग सीमेपर्यंत लावून देणारे रामोशी होते आणि राजेरजवाड्यांच्या शिकारीत हाकारे घालणारे आदिवासी होते. त्यामुळे विद्या एकाची आणि शिकार दुसऱ्याची, हा प्रकार मराठी वाचकास अपरिचित नसावा.

कुंपण कोठे घालावयाचे

साबी सँडचा इतिहास एका अर्थी कुंपणाचा इतिहास आहे. गुरांच्या रोगांचा प्रसार रोखण्यासाठी 1961 मध्ये क्रूगरच्या पश्चिम सीमेवर कुंपण उभे राहिले आणि साबी सँड उद्यानापासून तुटले. पश्चिमेकडील डोंगरपायथ्याशी हंगामी स्थलांतर करणारी विल्डबीस्टची हरणे अडकली व त्यांची संख्या झपाट्याने घटली. 1993 मध्ये उद्यान व खाजगी अभयारण्य यांमधील हे कुंपण काढण्यात आले. प्राण्यांच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा होती. मात्र अभयारण्य आणि बुशबकरिजच्या वस्त्या यांमधील कुंपण राहिले.

या घटनेचा आर्थिक अर्थ फारसा सांगितला जात नाही. रोमन-डच कायद्यानुसार वन्य प्राणी कोणाच्याही मालकीचा नसतो. 1991 च्या ‘गेम थेफ्ट अ‍ॅक्ट’ने पुरेसे कुंपण घातलेल्या जमिनीवरील प्राण्यांची मालकी जमीनमालकास दिली. साबी सँडमध्ये उद्यानाच्या बाजूचे कुंपणच निघाल्यामुळे सरकारी रानातील सिंह व हत्ती मोकळेपणाने खाजगी जमिनीवर येऊ लागले. प्राणी सार्वजनिक, पण रस्ता सोडून त्यांच्याजवळ जाण्याचा आणि रात्री त्यांना पाहण्याचा अधिकार खाजगी. लॉजच्या दराचा मोठा भाग या अधिकाराचे मूल्य आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालील व्यवस्थेत अशी रचना शक्य झाली नाही. वार्टी बंधूंच्या उपक्रमातून वाढलेल्या दक्षिण आफ्रिकी कंपनीने ताज समूहाच्या भागीदारीत 2006 पासून मध्य प्रदेशात लॉज सुरू केले. त्यांपैकी एक महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या पेंच येथे आहे. परंतु हे लॉज व्याघ्र प्रकल्पाच्या दाराबाहेर आहेत. आत जाणारी गाडी वेळेने, वाटेने व वनखात्याच्या परवान्याने बांधलेली असते. विस्थापनाचा प्रश्न आपल्याकडेही आहेच, पण त्याचा प्रतिवादी शासन असते, जमीनमालक नव्हे.

परत मिळालेली जमीन

1994 मध्ये लोकशाही शासन आल्यावर जमीन पुनर्स्थापनेचा कायदा झाला. 19 जून 1913 नंतर वांशिक कायद्यांमुळे जमीन गमावलेल्यांना दावा करण्याचा हक्क मिळाला. क्रूगरच्या उत्तर टोकावरील पफुरी भागातून 1969 मध्ये हलविलेल्या मकुलेके समाजास 1998 मध्ये जमीन परत मिळाली. त्यांनी तेथे पुन्हा वस्ती न करता जमीन संरक्षणाखालीच ठेवण्याचे मान्य केले आणि लॉजचालकांशी करार केले.

माला मालाचा दावा अधिक गुंतागुंतीचा ठरला. दाव्याच्या वैधतेपेक्षा किमतीचा वाद मोठा होता. शासनाने ही जमीन बाजारभावाने विकत घेऊन द्यावी का? 2012 मध्ये जमीन दावे न्यायालयाने खर्च अवाजवी ठरवून प्रत्यक्ष जमीन परत देण्यास नकार दिला. प्रकरण संविधान न्यायालयात गेले. पण तेथील निर्णयापूर्वीच 2013 मध्ये शासनाने सुमारे 13,000 हेक्टर जमीन 1 अब्जाहून अधिक रँडला विकत घेऊन न्वांडलामारी समाजाच्या संस्थेच्या नावे केली. येथे एक विचित्र हिशेब घडला. जमिनीची किंमत एवढी वाढली ती तेथे माणसे नसल्यामुळे व प्राणी असल्यामुळे. आणि माणसांना हलविल्याचे परिमार्जन करताना शासनाला त्या निर्जनतेचीच किंमत मोजावी लागली. ज्यांच्यासाठी ती मोजली त्यांना तेथे घर बांधता आले नाही. लॉज चालू राहिला, कारण तो बंद केला असता तर परत मिळालेल्या मालमत्तेचे मूल्यच उरले नसते.

इतिहासाच्या अभ्यासकास या दाव्यांनी एक अनपेक्षित साधन दिले. साबी सँडच्या लॉजमध्ये बिबट्यांच्या अनेक पिढ्यांच्या वंशावळी नावानिशी जपलेल्या आहेत. पाहुण्यास त्या कौतुकाने सांगितल्या जातात. दावेदार कुटुंबांना मात्र आपल्या वंशावळी, कबरींच्या जागा आणि जुन्या वस्त्यांच्या खुणा पुरावा म्हणून नव्याने गोळा कराव्या लागल्या. कबरी शोधण्यासाठी वृद्ध माणसे नातवंडांना घेऊन कुंपणाच्या आत आली, तेव्हा त्यांच्याबरोबर सिंहांच्या भीतीने बंदूकधारी रक्षक चालत होते.