ऐकून घेणारा रेडिओ

पूर मोजायचं नाशिकचं माप वेगळं आहे. बाकी गावांत पाणी मीटरमध्ये मोजतात, आमच्याकडे दुतोंड्या मारुतीच्या अंगावर. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की सराफ बाजारातल्यांनी सावध व्हायचं, छातीच्या वर गेलं की तळातला माल वर न्यायचा. २००८, २०१६ आणि २०१९ या तिन्ही मोठ्या पुरांत गावभर एकच प्रश्न होता: मारुती कुठवर बुडाला?

आता सांगा, दिल्ली-मुंबईच्या बातमीपत्रात हा प्रश्न कोण विचारणार? तिथे 'नाशिकमध्ये गोदावरीला पूर' एवढं एक वाक्य येतं. त्यात चूक काही नाही, चंद्रपूरच्या माणसाला त्याहून जास्त ऐकून करायचंय काय? पण नाशिककराला हवं असतं ते असं: गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलंय, होळकर पूल चालू आहे का, शाळा सोडल्यात का, उद्या नळाला पाणी येणार का. हे रोज, ठरलेल्या वेळी, गावातल्याच कुणीतरी सांगावं आणि ऐकणाऱ्याने फोन लावून म्हणावं, 'अहो, आमच्या गल्लीत तर वेगळंच चाललंय!' शहराचा रोजचा सार्वजनिक रेडिओ म्हणजे एवढंच. पण ही साधी गोष्ट आपल्याकडे यायला इतकी वर्षं का लागली, आणि आली तरी तिचा जीव कायम टांगणीला का, याचा इतिहास मोठा मजेदार आहे. म्हणून या विकांताला हाच विषय.

आधी माझ्या धंद्यातली एक गोष्ट. नेटवर्कवर माहिती पाठवायच्या दोन पद्धती असतात. एकीत पलीकडून 'मिळालं बरं का' अशी पोच यावी लागते, नाही आली तर आपण पुन्हा पाठवतो. दुसरीत पाठवायचं आणि मोकळं व्हायचं, कुणाला मिळालं, कुणाला नाही, बघायचं नाही. रेडिओ हा जन्मापासून दुसऱ्या पद्धतीचा. बर्टोल्ट ब्रेख्त या जर्मन नाटककाराने १९३२ मध्येच ही तक्रार केली होती. त्याचं म्हणणं असं, की रेडिओ नुसता वाटप करतो, त्याने श्रोत्याला बोलतंही केलं पाहिजे. म्हणजे पोच यायला हवी! ब्रेख्तला टीसीपी माहीत नव्हतं, पण मुद्दा तोच.

आपल्याकडचा रेडिओ सुरू झाला खासगी हातांनी. २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र उघडलं, आणि १९३० मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. मग सरकारने ते चालवायला घेतलं आणि १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. नावातच बघा, 'ऑल इंडिया'. गावांचा, शहरांचा रेडिओ ही कल्पनाच त्यात नव्हती. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात सहा केंद्रं होती आणि त्यातलं मराठी मुलखातलं एकच, मुंबई. नागपूर १९४८ मध्ये आलं, पुणे १९५३ मध्ये. नाशिक या सगळ्यात फक्त ऐकणारं. ही केंद्रं मीडियम वेव्हवर, आणि त्या लहरी लांबवर जातात, तेव्हा मुंबई-पुण्याचं बोलणं नाशिकच्या माजघरात पोहोचायचं. नाशिकचं बोलणं मात्र कुठेच जायचं नाही. वर रेडिओ घरात ठेवायला पोस्टातून परवाना काढायचा आणि दरवर्षी पैसे भरायचे. पैसे भरून मुकाट ऐकायचं, असा हा मामला होता.

शहरातल्या जगण्यावर बोलणं रेडिओवर नव्हतंच असं नाही. मुंबई केंद्राचा 'पुन्हा प्रपंच' घरातल्या ज्येष्ठांना विचारा. टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत ही नावं घेतली की त्यांचा चेहरा खुलतो. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे ते आवाज. घरगुती गप्पांच्या ओघात महागाईपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत सगळे विषय निघायचे. कार्यक्रम उत्तमच होता. पण गप्पा मारणारे स्टुडिओत, आणि त्यांचे शब्द लिहिलेले. श्रोत्याला मध्ये तोंड घालायची सोय नव्हती.

आणि श्रोत्याला बोलायचं होतं, हे नक्की. बाळकृष्ण केसकर माहितीमंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार झालं. लोकांनी काय केलं? सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला, आणि अमीन सयानींच्या गीतमालेला पत्रांचा पाऊस पाडला. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावीच लागली. पोच घ्यायची नाही म्हटलं तरी ती कुठून ना कुठून येतेच.

आता या इतिहासातला माझा सर्वात आवडता भाग. १९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. कल्पना कॅनडाची, तिथे शेतकऱ्यांची अशी रेडिओ मंडळं १९४१ पासून चालू होती. पुणे, अहमदनगर, उत्तर सातारा, कोल्हापूर आणि आपलं नाशिक, अशा पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांचं श्रोता मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, मग रेडिओ बंद करून त्यावर चर्चा करायची, आणि खरी गंमत पुढे आहे: चर्चेतून निघालेले प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवायचे. केंद्राने पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं द्यायची. पोच!

या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञाने केली. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती बाकी गावांपेक्षा बरीच वाढली, हे त्यांना दिसलं. ते अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते असं, की बऱ्याच ठिकाणी ही मंडळं गावचे निर्णय घ्यायला लागली, आणि निवडून आलेल्या पंचायतीपेक्षाही लवकर कामं हलवायला लागली. विचार करा मंडळी. नाशिक जिल्ह्यातल्या गावकऱ्यांना 'तुमचं म्हणणं काय?' असं रेडिओने विचारलं, आणि वीस कार्यक्रमांत ते नुसतं ऐकायचं सोडून ठरवायला लागले.

१९५९ मध्ये ही योजना देशभर नेली. मंडळांचे आकडे हजारांत गेले, पण प्रयोगाच्या वेळची निगराणी सगळीकडे शक्य नव्हती. प्रत्येक पत्राला उत्तर द्यायला माणसं लागतात, आणि माणसं वाढवणं कागदावर मंडळं वाढवण्याइतकं सोपं नसतं. सॉफ्टवेअरमध्येही हेच होतं, 'पायलट' झकास चालतो आणि पुढे विस्तारात गाडी अडते.

यात शहरं कुठे होती? कुठेच नाही. शहरातल्या माणसाला वर्तमानपत्र आहे, व्याख्यानं आहेत, त्याला रेडिओवर बोलायची काय गरज, असं धरून चालले असावेत. नाशिकपुरतं तर हे पटण्यासारखंही आहे. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय इथे, गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला इथे. बोलणाऱ्यांचं आणि ऐकणाऱ्यांचं हे गाव. पण व्याख्यानमाला वर्षातून एकदा भरते, आणि नळाला पाणी रोज यावं लागतं.

स्थानिक रेडिओची कल्पना जगात इतरत्र तोवर मूळ धरत होती. बीबीसीने ८ नोव्हेंबर १९६७ ला लेस्टर शहरासाठी पहिलं स्थानिक केंद्र काढलं. आपल्याकडे १९७८ मध्ये वर्गीज समितीने प्रसारण सरकारच्या हातातून काढून विकेंद्रित करा असं सांगितलं, तो अहवाल फळीवर गेला. पण स्थानिक केंद्रं मात्र आली. पहिलं १९८४ मध्ये तामिळनाडूत नागरकोईलला. त्याच मालिकेत पुढे महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांना केंद्रं मिळाली, आणि नाशिकला १०१.४ मेगाहर्ट्झ मिळालं.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगतोच, राहवत नाही. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, क्षितिजापलीकडे किंवा डोंगरामागे फारशा पोहोचत नाहीत. कुणी याला एफएमचा दोष म्हणेल. मला तो गुण वाटतो. ज्या लहरी तालुका-दोन तालुक्यांत संपतात, त्यांच्यावर तालुक्याचंच बोलायला हवं. स्थानिकपणा त्या भौतिकशास्त्रातच आहे. त्याच काळात घरोघरी फोनही आले, आणि पोस्टकार्डाची जागा 'फोन-इन'ने घेतली. डॉक्टर, शेतीतज्ज्ञ, अधिकारी स्टुडिओत आणि श्रोता फोनवर. १९५६ मध्ये जी पोच पुढच्या कार्यक्रमात मिळायची, ती आता त्याच मिनिटाला मिळू लागली.

मग अडलं कुठे? परवानगीत. आकाशवाणीची एक आचारसंहिता आहे. राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला करायचा नाही, केंद्र किंवा राज्य सरकारवर वैरभावाने टीका करायची नाही, वगैरे. यातली बरीच कलमं समंजस आहेत. पण व्यवहारात निवेदक त्याहूनही चार पावलं मागे राहतो. मधुमेहावर फोन-इन घेणं सोपं, रस्त्यावरच्या खड्ड्यांवर अवघड, कारण खड्ड्याला ठेकेदार असतो आणि ठेकेदाराला कुणीतरी असतं.

९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निकाल दिला. तो लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पण जनतेची म्हणजे कुणाची? आधी त्या लिलावात गेल्या. ३ जुलै २००१ ला बंगळुरूत पहिलं खासगी एफएम केंद्र सुरू झालं, आणि पुढे नाशिकपर्यंत तशी केंद्रं पोहोचली. रेडिओ एकदम बडबडा झाला. 'आरजे' दिवसभर आपल्याशी बोलतात, फोनही घेतात, आणि कॉलेज रोडच्या 'ट्रॅफिक'वर विनोदही करतात. मात्र स्वतःच्या बातम्या द्यायला त्यांना बंदी. २०११ च्या धोरणात सरकारने चक्क यादी दिली, की वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, वीज-पाणी यांच्या सूचना, आपत्ती, आरोग्याचे इशारे या गोष्टी 'बातमी' धरल्या जाणार नाहीत, त्या सांगितल्या तर चालतील. थोडक्यात काय, तर उद्या पाणी येणार नाही हे सांगता येतं. का येणार नाही, हे विचारायला गेलं की ती बातमी होते!

तिसरी वाट २००६ मध्ये उघडली. त्या वर्षीच्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा दिली. साधारण शंभर वॅटची ताकद, दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला. नाशिकमध्ये एक संस्था 'रेडिओ विश्वास' ९०.८ चालवते. या छोट्या केंद्राची ताकद कळली ती २०२० मध्ये. शाळा बंद, आणि जिल्हा परिषद व महापालिकेच्या शाळांतल्या असंख्य मुलांच्या घरी 'स्मार्टफोन' नाही. तेव्हा सुमारे दीडशे शिक्षकांच्या मदतीने तिसरी ते दहावीचे धडे स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले आणि वेळापत्रकाप्रमाणे ऐकवले गेले. राज्यातल्या आणखी सहा सामुदायिक केंद्रांनाही ते दिले. या उपक्रमाला आणि केंद्राला २०२३ मध्ये राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कार मिळाले. गावाला काय हवंय हे गावातल्याच माणसांना लवकर कळतं, याचा आणखी कुठला पुरावा हवा?

उलट दिशेचा वाराही जोरात आहे. जून २०२३ मध्ये आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचा निर्णय झाला. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या बातम्यांवर घड्याळ लावणाऱ्या लोकांनी ओरड केली, तेव्हा तो थांबला. त्याच वर्षी बीबीसीनेही आपल्या स्थानिक केंद्रांचे दुपारनंतरचे बरेच कार्यक्रम एकत्र करून टाकले. कारण दोन्हीकडे एकच, खर्च. हिशेब मला कळतो, आम्हीही दहा 'सर्व्हर'चं काम एकावर आणून पाठ थोपटून घेतो. पण तिथे फक्त यंत्र कमी होतं. इथे गावाचा प्रश्न ऐकून घेणारा माणूस कमी होतो.

'आता व्हॉट्सअॅप आहे की!' असं कुणी म्हणेल. आहे ना. पुराच्या दिवशी त्यावर मागच्या पुराचे व्हिडिओ फिरतात. धरण फुटल्याची अफवा खोटी आहे हे नाव सांगून, जबाबदारी घेऊन म्हणणारं कुणीतरी लागतं.

आणि नाशिकला याची गरज फार जवळ येऊन ठेपली आहे. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. २०२६-२७ चा सिंहस्थ समोर आहे. प्रयागराजला २०२५ च्या महाकुंभात आकाशवाणीने 'कुंभवाणी' नावाची खास वाहिनी चालवली, आणि मेळा संपल्यावर तीही संपली. नाशिकला तशी वाहिनी मिळाली तर उत्तमच. पण गर्दी निघून गेल्यावरही शहर इथेच राहणार आहे, पाणी आणि खड्ड्यांसकट. मला विचाराल तर मागणी एवढीच करायला हवी: रोज सकाळी एक तास, महापालिकेचा एक अधिकारी स्टुडिओत, आणि फोन उघडे. यंत्रणा आहे, मनोरा आहे, लहरी तर आपल्याच आहेत, तसा निकालच आहे. वीस कार्यक्रमांत या जिल्ह्यातली खेडी काय करू शकली ते १९५६ मध्ये दिसलंय. शहराला निदान तेवढे वीस कार्यक्रम देऊन बघायला काय हरकत आहे?