करवंटीचा कोळसा

दिवाळीच्या तोंडावर आम्ही घराला तेलरंग काढला आणि दोन दिवस सगळ्यांचीच डोकी उठली. तिसऱ्या दिवशी वास येईनासा झाला. रंगारी हसून म्हणाला, "मास्तर, आम्हांला तो कधीच येत नाही!" त्याचे हे बोलणे काही केल्या मनातून जाईना. नाकच असे फितूर झाले, तर वाफेत जन्म काढणाऱ्याने विष ओळखायचे कशावरून?

मी पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेला कादंबरीकार. पण या प्रश्नाच्या मागे लागलो तो थेट पॅरिसला पोहोचलो. तिथे १८५६ साली ऑग्युस्त देलपेश या डॉक्टराने रबराच्या कामगारांची दैना लिहून ठेवली. पोरांच्या फुग्यांचे पातळ रबर पक्के करताना कार्बन डायसल्फाइड नावाचा द्रव वापरीत. त्याच्या वाफेने माणसांचे डोके दुखे, हातापायांतले बळ जाई, काहींना वेडाचे झटके येत. फुगा फुगवणाऱ्या पोराला यातले काय ठाऊक!

पुढे हवा मोजू लागले, पण बहुधा खोलीची. यंत्र एका जागी, आणि माणूस मात्र डब्यावर ओणवा! १९६० साली इंग्लंडात शेरवूड आणि ग्रीनहॅल्घ यांनी बॅटरीवरचा चिमुकला पंप कामगाराच्याच अंगावर चढवला. त्यांना मोजायची होती किरणोत्सर्गी धूळ. पण माणसाचा श्वास माणसापाशीच मोजावा, ही युक्ती वाफेच्याही कामी आली.

वाफ धरण्यासाठी अमेरिकेत १९७० च्या सुमारास जी नळी रूढ झाली, तिच्यात आहे नारळाच्या करवंटीचा कोळसा! आमच्याकडे करवंट्या बंबात जातात. करंगळीएवढ्या काचेच्या नळीत पुढे १०० मिलिग्रॅम कोळसा, मागे ५०. नळी गळपट्टीला अडकवायची आणि पंपाने तिच्यातून हवा ओढायची. मागचा कोळसा म्हणजे पहारेकरी. त्याच्यापर्यंत बरीच वाफ पोहोचली, तर पुढचा भरून वाहिला असे समजून तो नमुना बाद. प्रयोगशाळेत कोळशातली वाफ सोडवायला जो द्रव ओततात, तो कोणता म्हणता? तोच, कार्बन डायसल्फाइड. कादंबरीत असे लिहिले असते, तर संपादकांनी काट मारली असती.

मोजण्याला उशीर झाला, की काय होते ते इस्तंबूलच्या जोडे शिवणाऱ्यांना विचारावे. त्यांच्या चिकटद्रवात बेंझिन असे. कोंदट दुकानांतल्या हवेच्या दहा लाख भागांत त्याचे २१० ते ६५० भाग भरले. १९६७ ते १९७३ या काळात तिथल्या २८,५०० कामगारांपैकी २६ जणांना रक्ताचा कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था असल्याचे डॉक्टर मुझफ्फर अक्सोय यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी १९४६ साली बेंझिनचे १०० भाग चालतील म्हटले होते. १९८७ साली तिथल्या कायद्याने मर्यादा आणली १ वर. मधली एकेचाळीस वर्षे कोणाच्या छातीत जिरली, त्यांची नावे कोण सांगणार?

परवा रंगारी हिशेबाला आला, तेव्हा मी म्हटले, "पुढच्या घरी खिडक्या तरी उघड्या ठेव रे."

"ओल्या रंगावर धूळ बसते, मास्तर," तो म्हणाला. "मग मालक पैसे कापतो."